फोटो ढापला, मजकूर ढापला: ऑनलाइन लिलाव संपायच्या आत काय करायचं

सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया नाणेसंग्राहकांना वेगळा सांगावा लागत नाही. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, आणि बाजारात इतका दुर्मीळ की १९३८च्या रुपयावरचा शेवटचा आकडा कोरून त्याचा ९ केलेली नाणी फिरत असतात. म्हणून घेणारा माणूस फोटोत आधी त्या ९कडे बघतो. असा खरा रुपया कुणी चांगल्या उजेडात, दोन्ही बाजूंनी, कडेसकट टिपून ई-बे या लिलावाच्या संकेतस्थळावर लावला की तो फोटो स्वतःच मौल्यवान होतो. ज्याच्याकडे नाणं नाही, किंवा कोरलेलं नाणं आहे, त्याला नेमका तोच फोटो हवा असतो. एचएमटीची जुनी चावीची घड्याळं, जुनी शाईची पेनं, पदकं यांचंही तेच. या वस्तू एकेकट्या असतात. प्रत्येकीवरचा ओरखडा वेगळा असतो आणि गिऱ्हाईक फोटो पाहूनच पैसे लावतं. त्यामुळे इथे फोटो चोरणं म्हणजे विकणाऱ्याची मेहनत चोरणं तर आहेच, पण घेणाऱ्याच्या खिशात हात घालणंही आहे.

लिलाव चालू असतो, ही यातली खरी अडचण. ई-बेवर लिलाव ३, ५, ७ किंवा १० दिवसांचा असतो. काही विक्रेत्यांना १ दिवसाचाही लावता येतो. चोरी लक्षात येते तेव्हा त्यातले निम्मे दिवस गेलेले असतात. उरलेल्या वेळात तक्रार पोचली पाहिजे, वाचली गेली पाहिजे आणि चोराचं लिस्टिंग, म्हणजे विक्रीला लावलेल्या वस्तूचं पान, उतरलं पाहिजे. एखादा तपशील कमी पडला आणि तक्रार परत आली की तेवढ्यात हातोडा पडतो. म्हणून कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे पक्कं ठरलेलं हवं.

पुरावा आधी, बोलणं नंतर

बहुतेकांची चूक इथेच होते. चोरी दिसली की रागाने पहिला मेसेज चोराला जातो. तो दहा मिनिटांत फोटो बदलतो किंवा लिस्टिंग काढून दुसऱ्या खात्यावर लावतो, आणि दाखवायला हातात काही उरत नाही. पहिला अर्धा तास कुणाला काहीही लिहू नये. नुसतं गोळा करावं.

आधी लिस्टिंगचा वस्तूक्रमांक, विक्रेत्याच्या खात्याचं नाव, चालू बोली, बोलींची संख्या आणि लिलाव संपायची वेळ लिहून घ्या. ही वेळ कुठल्या वेळविभागातली आहे तेही टिपा. अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेपेक्षा आपण उन्हाळ्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा तास पुढे असतो. हा तासाभराचा घोळ ऐन शेवटच्या दिवशी नडतो. मग पूर्ण पान पीडीएफ करून ठेवा. शिवाय ब्राउझरची पत्त्याची ओळ आणि संगणकाचं घड्याळ दोन्ही दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. वस्तूचं वर्णन बऱ्याचदा पानाच्या आत वेगळ्या चौकटीत उघडतं आणि पीडीएफमध्ये अर्धवट येतं, म्हणून ते स्वतंत्र उघडून वेगळं जतन करा.

फोटो उतरवताना पानावर दिसतो तो छोटा आकार घेऊ नका. प्रत्येक फोटो वेगळ्या टॅबमध्ये उघडला की त्याच्या पत्त्याच्या शेवटी ५०० असा एखादा आकडा दिसतो. त्या जागी १६०० टाकलं की उपलब्ध असलेला सर्वांत मोठा आकार मिळतो. तुलना करायला हाच लागतो.

त्यानंतर पानाचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर, जतन करा. तिथे फोटो नेहमी नीट उतरत नाहीत, पण ती नोंद तिऱ्हाइताच्या यंत्रावर, त्याच्या घड्याळाच्या तारखेने होते. आपण घेतलेल्या स्क्रीनशॉटला 'हा तुम्हीच बनवला' असं कुणीही म्हणू शकतं. या नोंदीला म्हणणं अवघड जातं.

प्रकरण भारतीय न्यायालयापर्यंत जाईल असं वाटत असेल तर आणखी एक काम त्याच दिवशी उरका. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, लिहायची जागा आहे. जतन केलेल्या प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ हॅश काढून एका कागदावर तारखेसह लिहून ठेवा. विंडोजमध्ये सर्टयूटिल (certutil) ही आज्ञा त्यासाठी आधीपासूनच असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. हॅश काढल्यावर फाइल उघडून पुन्हा जतन करू नका. एक ठिपका बदलला तरी आकडा पूर्ण बदलतो.

विक्रेत्याची बाकीची लिस्टिंगंही बघा. ई-बेवर विकून झालेल्या वस्तूही काही आठवडे शोधता येतात. एकाच खात्यावर आठ वस्तूंच्या मागे आठ वेगळ्या पार्श्वभूमी, कुठे लाकूड, कुठे मखमल, कुठे स्कॅनरची काच असं दिसलं, तर त्याने एकट्या तुम्हाला लुटलेलं नाही. बाकीच्यांचे फोटो गूगल लेन्स आणि टिनआयमध्ये टाकून त्यांचे मूळ मालक शोधता येतात. अशा तिघांनी एकाच दिवशी वेगवेगळ्या तक्रारी केल्या तर चोराचं एकच नव्हे, तीन लिस्टिंगं धोक्यात येतात.

तोच फोटो, की तीच वस्तू?

हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि तक्रार करणारे त्यांची सतत गल्लत करतात. नाण्यावर चकाकी कुठे पडली आहे ते घड्याळाच्या तबकडीसारखं वाचा: राजाच्या डोक्यामागे ११ वाजता, मानेखाली ५ वाजता. ओरखडे जुळतात आणि चकाकीही त्याच जागी आहे, तर तो तोच फोटो. ओरखडे जुळतात पण चकाकी हललेली आहे, तर तेच नाणं दुसऱ्या कुणी दुसऱ्यांदा टिपलेलं आहे. कदाचित तुमच्याकडून विकत घेतलेल्यानेच. त्या दुसऱ्या फोटोवर तुमचा काहीही हक्क नाही.

चोर रंग बदलतो, कडा कापतो, मागचं कापड पुसून पांढरं करतो. नाण्याचा फोटो आरशासारखा उलटा सहसा करत नाही, कारण अक्षरं उलटी होतात. घड्याळाच्या मागच्या झाकणाचा किंवा पेनाचा फोटो मात्र उलटा केलेला सापडतो, म्हणून शोध घेताना आपल्या फोटोची उलटी प्रतही टाकून बघा. काही अंशांनी फिरवलेला फोटोही शोधयंत्राला चकवतो. तुलनेसाठी दोन्ही फोटो एकावर एक ठेवून वरचा अर्धपारदर्शक करा. ओरखडे आणि सावल्या एकाच वेळी बसल्या की त्याचा एक स्क्रीनशॉट तक्रारीला जोडायला पुरतो. मोठं स्पष्टीकरण लिहिण्यापेक्षा तो जास्त काम करतो.

मजकुराची चोरी शोधायला वर्णनातले सहा ते आठ सलग शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधा. शब्द असे निवडा की जे दुसऱ्या कुणाला सुचणार नाहीत. 'सुंदर, दुर्मीळ, संग्राह्य' याने हजार पानं येतील. 'सहाच्या आकड्याजवळ तबकडीचा रंग किंचित उडालेला' याने एकच येईल. ज्यांना आपल्या वर्णनावर खूण ठेवायची आहे त्यांनी असं एखादं खरं पण विशिष्ट वाक्य नेहमी घालावं. मुद्दाम खोटी माहिती पेरण्याची युक्ती काहीजण सुचवतात. ती करू नये. त्याच वर्णनावर विसंबून उद्या आपलंच गिऱ्हाईक वस्तू घेणार आहे.

हक्क नेमका कशावर?

भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७चा. त्यात छायाचित्र ही कलाकृती धरलेली आहे आणि छायाचित्र काढणारी व्यक्ती तिची कर्ती. हक्क आपोआप मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग या खटल्यात हे पुन्हा स्पष्ट केलं. तेव्हा 'तुमच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र कुठाय?' असं विचारून कुणी गप्प करू पाहत असेल तर गप्प बसायचं कारण नाही.

पण फोटो तुम्ही स्वतः काढलाय का? दुकानात पगारी माणसाने कामाचा भाग म्हणून काढला असेल तर वेगळा करार नसताना हक्क मालकाचा. पैसे देऊन बाहेरच्या छायाचित्रकाराकडून काढून घेतला असेल तर भारतात कलम १७प्रमाणे हक्क सहसा काढून घेणाऱ्याकडे येतो. अमेरिकेत मात्र बाहेरच्या छायाचित्रकाराचा हक्क त्याच्याकडेच राहतो, लेखी हस्तांतर होईपर्यंत. भाच्याने हौसेने, फुकट काढून दिला असेल तर हक्क भाच्याचा. अशा वेळी एक पानाचं लेखी हस्तांतर करून घ्यावं, आणि त्यात दोन गोष्टी विसरू नयेत. कलम १९ सांगतं की मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर ५ वर्षांचंच धरलं जाईल, आणि प्रदेश लिहिला नसेल तर ते भारतापुरतंच आहे असं मानलं जाईल. परदेशी संकेतस्थळावर माल लावणाऱ्याला भारतापुरता हक्क घेऊन काय करायचंय? 'संपूर्ण जगासाठी, प्रताधिकाराच्या पूर्ण मुदतीसाठी' हे शब्द कागदावर असलेच पाहिजेत.

सपाट वस्तूंचा प्रश्न आणखी नाजूक आहे. पोस्टाची तिकिटं, नोटा, जुनी पत्रं स्कॅनरवर ठेवून काढलेल्या प्रतिमांवर हक्क सांगताना सांभाळून. अमेरिकेत १९९९च्या ब्रिजमन विरुद्ध कोरेल या निकालाने प्रताधिकार संपलेल्या सपाट चित्राच्या हुबेहूब फोटोत नवं काही निर्माण झालेलं नाही असं मानलं. युरोपीय संघाच्या २०१९च्या निर्देशातलं १४वं कलमही त्याच दिशेचं आहे. नाण्याचं तसं नाही. नाण्याला उठाव असतो. उजेड कुठून, किती तिरपा, सावली किती, हे काढणारा ठरवतो, आणि ती निवड हाच त्याच्या हक्काचा पाया. म्हणून तिकिटं विकणाऱ्याने स्कॅनबरोबर एक-दोन फोटो हातात धरून, तिरप्या उजेडात काढलेले घालावेत. चोरी झाली तर तक्रार त्या फोटोंवरून करता येते.

मजकुरातही अशीच चाळणी लावावी लागते. वजन, व्यास, साल, टांकसाळ, घड्याळातल्या यंत्राचा क्रमांक ही वस्तुस्थिती आहे, ती कुणाच्या मालकीची नाही. सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या २००७च्या निकालात नुसत्या मेहनतीपेक्षा थोडी तरी सर्जनशीलता मागितली आहे. चार ओळींच्या तपशिलावर तक्रार टिकत नाही. नाण्याची अवस्था तुमच्या शब्दांत सांगणारे दोन परिच्छेद असतील तर टिकते. तुमचं वर्णन एखाद्या नाणेसूचीतून किंवा विकिपीडियातून उचललेलं असेल तर त्या भागावर तक्रार करूच नका. समोरचा ते पहिल्या उत्तरातच दाखवून देईल आणि फोटोंची खरी तक्रारही संशयात येईल. वर्णन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने लिहून घेतलं असेल तर त्याचा कर्ता कोण, याचंच उत्तर देणं अवघड आहे.

तक्रारीआधी आपलं स्वतःचं लिस्टिंगही तपासा. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतं, आणि पुरावशेष बाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आणि त्याने नेमलेल्या यंत्रणेलाच आहे. शिवराई भारतातून परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायची म्हणून लावली असेल तर आधी तो घोटाळा निस्तरायला हवा.

निष्पाप, निष्काळजी आणि भामटा

सगळे चोर एका मापाचे नसतात. नव्या विक्रेत्याकडे वस्तू खरी असते, फोटो काढायचा कंटाळा असतो, म्हणून तो जालावर पहिला दिसेल तो उचलतो. त्याचं खातं वर्षानुवर्षं चालू असतं, गिऱ्हाइकांचे अभिप्राय चांगले असतात. अशाला पुरावा गोळा करून झाल्यावर दोन ओळी लिहाव्यात: हा फोटो माझा आहे, २४ तासांत स्वतःचा लावा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. सूर धमकीचा नको. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ६०खाली निराधार धमकी देणाऱ्याविरुद्धच दाद मागता येते.

भामट्याची लक्षणं वेगळी. बरेच महिने निपचित पडलेलं खातं अचानक जागं होतं, एका दिवसात चाळीस महागड्या वस्तू, मुदत कमीत कमी, किंमत पडेल आणि 'व्यवहार बाहेर करू, व्हॉट्सअ‍ॅपवर या' असा आग्रह. हे खातं बऱ्याचदा तिसऱ्याच कुणाचं हॅक केलेलं असतं. याला काहीही लिहू नका. इथे प्रताधिकाराची तक्रार करावीच, पण त्याआधी लिस्टिंगवरच्या 'रिपोर्ट' दुव्यातून फसवणुकीची तक्रार करावी. तिला हक्काचा कागद लागत नाही. कुणी पैसे गमावले असतील तर त्या माणसाने लगेच १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करावी. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डखाली ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

दोन गोष्टींचा मोह आवरा. चोराच्या लिलावात आपणच मोठी बोली लावून तो रोखायचा नाही, आणि बोली लावणाऱ्यांना 'हा फसवतोय' असे निरोप पाठवायचे नाहीत. हेतू चांगला असला तरी दोन्ही गोष्टी नियमभंगात मोडतात आणि खातं तुमचंच बंद होतं.

तक्रारीचा नमुना

ई-बेचा हक्कधारकांसाठीचा कार्यक्रम व्हेरो या नावाने चालतो. पहिल्या तक्रारीच्या वेळी ओळख आणि हक्क यांची तपासणी होते, त्यात वेळ जातो. पुढच्या तक्रारी सोप्या पडतात. यासाठीच नियमित विक्री करणाऱ्याने चोरी व्हायची वाट न बघता ती माहिती आधी वाचून, कागद तयार ठेवावेत. लिलाव सुरू झाल्यावर पहिल्यांदा फॉर्म शोधणारा उशीर करून बसतो.

तक्रार अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए या डिजिटल प्रताधिकार कायद्यातल्या कलम ५१२च्या साच्यात बसावी लागते. त्यात सही, मूळ कृतीची ओळख, चोरलेल्या मजकुराचं नेमकं ठिकाण, संपर्क, प्रामाणिक विश्वासाचं विधान आणि अचूकतेचं शपथपूर्वक विधान हवं. यातलं काही सुटलं तर काय होतं हे २००१च्या हेंड्रिक्सन विरुद्ध ई-बे खटल्यात दिसलं. तक्रारदाराच्या पत्रात आवश्यक विधानं आणि लिस्टिंगची नेमकी ओळख नव्हती, आणि न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं नाही. भारतातही दिल्ली उच्च न्यायालयाने मायस्पेस प्रकरणात २०१६ साली हेच धोरण घेतलं: नेमका पत्ता द्या, मोघम यादी चालणार नाही.

पत्र इंग्रजीत जाईल, आशय असा ठेवावा: 'अमुक वस्तूक्रमांकाच्या लिस्टिंगमधली पहिली, दुसरी आणि चौथी छायाचित्रं मी अमुक तारखेला काढली आहेत. ती माझ्या अमुक वस्तूक्रमांकाच्या लिस्टिंगमध्ये अमुक तारखेपासून प्रसिद्ध आहेत. या वापराला माझी, माझ्या प्रतिनिधीची किंवा कायद्याची परवानगी नाही असा माझा प्रामाणिक विश्वास आहे. या सूचनेतली माहिती अचूक असून मी हक्कधारक आहे, हे मी खोट्या शपथेच्या शिक्षेची जाणीव ठेवून सांगतो.' फोटो कितवे, ते आकड्याने लिहा. 'माझे सगळे फोटो चोरले' असं लिहिलं आणि सहापैकी दोन त्याचे स्वतःचे निघाले, तर सूचना चुकीची ठरते. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर भरपाई तुम्हालाच द्यावी लागू शकते. एका लिस्टिंगला एक नोंद ठेवा, आणि ईमेल व्यवसायाचा वेगळा द्या, कारण तक्रारदाराचं नाव आणि ईमेल विक्रेत्यापर्यंत पोचू शकतं.

विक्रेत्याने उलट सूचना दिली, म्हणजे तक्रार चुकीची असल्याचं कळवलं, तर ई-बे तुमच्यासाठी थांबून राहत नाही. तुम्ही दावा दाखल केला नाही तर कामाच्या १० ते १४ दिवसांत मजकूर परत लावता येतो. सात दिवसांच्या लिलावात तोवर वेळ टळून गेलेली असते, म्हणून उलट सूचनेच्या भीतीने मूळ तक्रार लांबवू नये.

भारतीय संकेतस्थळ असेल तर रस्ता वेगळा. प्रताधिकार कायद्याचं कलम ५२(१)(ग) आणि २०१३च्या नियमावलीतला नियम ७५ यांच्याखाली लेखी तक्रार आल्यावर ३६ तासांत मजकुराचा वापर थांबवावा लागतो. पण त्या तक्रारीत 'मी २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देईन' अशी हमी लिहून द्यावी लागते. आदेश आला नाही तर मजकूर पुन्हा लावायला ते मोकळे. लिलावापुरता विचार केला तर २१ दिवस भरपूर आहेत, पण हमी लिहून देताना तिचा अर्थ कळलेला असावा. वकिलाची फी मोजायची तयारी नसेल तर त्याच संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे साधी तक्रार करा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ग्राहकाच्या तक्रारीला ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे. नाण्यांचे लिलाव फेसबुकच्या गटांतही जोरात चालतात. तिथे मेटाचा प्रताधिकाराचा फॉर्म भरावा, आणि गटाच्या पानाचा नव्हे तर त्या एका पोस्टचा दुवा द्यावा.

कॅटलॉगमधले फोटो मात्र या सगळ्याच्या बाहेर राहतात. ई-बे असो की अ‍ॅमेझॉन, खातं उघडताना केलेल्या करारात आपण टाकलेला फोटो आणि मजकूर जगभर, विनामोबदला वापरायची आणि पुढे इतरांना वापरू द्यायची परवानगी आपण दिलेली असते. अ‍ॅमेझॉनवर एका उत्पादनाचं पान सगळे विक्रेते मिळून वापरतात. तुमचा फोटो त्या पानावर चढला की त्याच पानावर माल विकणाऱ्याला चोर म्हणता येत नाही. एकेकट्या जुन्या वस्तूंना हा धोका कमी. पेनं, पुस्तकं, नवी घड्याळं यांना जास्त. तोच फोटो दुसऱ्या संकेतस्थळावर दिसला तर मात्र तक्रार पूर्ण लागू होते.

तुमच्याच गिऱ्हाइकाने वस्तू परत विकायला काढली तर

हे भांडण सर्वांत जास्त होतं आणि सर्वांत वाईट रीतीने हाताळलं जातं. नाणं विकलं म्हणजे नाणं गेलं, फोटो गेला नाही. गिऱ्हाइकाला ते नाणं विकायचा पूर्ण हक्क आहे, तुमच्या फोटोसह विकायचा नाही. कायदा इतका स्पष्ट आहे. तरीही अशा गिऱ्हाइकावर तक्रार ठोकू नये. त्याच्याकडे ती वस्तू खरोखर आहे, घेणारा फसत नाहीये, आणि तोच माणूस पुढच्या महिन्यात तुमच्याकडे परत येणार आहे. पार्सलमध्ये बिलासोबत एक छापील चिठ्ठी घाला: 'ही वस्तू परत विकताना आमचे फोटो वापरायला परवानगी आहे, मात्र फक्त याच वस्तूसाठी, अवस्थेबद्दलचा मजकूर नव्याने लिहा.' मजकूर नव्याने लिहायला सांगण्याला कारण आहे. दोन वर्षांत नाण्यावर डाग पडलेला असू शकतो, घड्याळ बंद पडलेलं असू शकतं, आणि तुमच्या शब्दांत केलेलं वर्णन तेव्हा खोटं ठरतं.

फोटो काढतानाच करायची तयारी

फोटोवर नाव छापणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय, पण ई-बेच्या नियमांत फोटोवर मजकूर, चौकट किंवा वरून चिकटवलेलं चित्र चालत नाही. शिवाय कोपऱ्यातलं नाव एका मिनिटात कापलं जातं. नाव फोटोच्या आत आणा. एका फोटोत नाण्याच्या कडेखाली अर्धी दबलेली चिठ्ठी ठेवा, तिच्यावर खात्याचं नाव हाताने लिहिलेलं. नाणं चिठ्ठीवर चढलेलं असल्याने ती कापता येत नाही. दुसऱ्या फोटोत नाणं कडेला धरून बोटांत. तिसऱ्याला नेहमी तेच कापड. खणाचा एखादा तुकडा कायम ठेवला तर त्याची वीण हीच ओळख होते, आणि नेहमीचं गिऱ्हाईक दुसऱ्या खात्यावर तो खण दिसला की स्वतःहून कळवतं.

सगळ्यांत भक्कम पुरावा मात्र जालावर टाकायचाच नसतो. मूळ फोटो ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा असेल तर चारी बाजूंनी कापून, लांब बाजू १६०० ठेवून अपलोड करा. न कापलेली चौकट फक्त तुमच्याकडे राहते. चोराकडे कापलेला भाग असतो. बाहेरचं टेबल, दिव्याची सावली, कापडाचा काठ त्याच्याकडे असूच शकत नाही. त्याच बैठकीत आधी-नंतर टिपलेले, वापरात न आणलेले दोन-तीन फोटोही पुसू नका. मूळ फाइल फोनमधून केबलने किंवा ड्राइव्हवरून हलवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवली तर ती लहान होते आणि तारीख-कॅमेऱ्याची माहिती गळून पडते; डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर टिकते.

घेणाऱ्यासाठीही एक गोष्ट सांगतो. महाग वस्तूवर बोली लावण्याआधी विक्रेत्याकडे आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसोबत वस्तूचा नवा फोटो मागा. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला दोन मिनिटं लागतात. ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे नाण्याचा दर्जा तपासून देणाऱ्या कंपनीच्या, सीलबंद डबीतलं नाणं असेल तर प्रमाणपत्र क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. पण क्रमांक जुळला म्हणजे नाणं विक्रेत्याकडे आहे असं समजू नका, कारण फोटोबरोबर क्रमांकही चोरीला जातो.

लिस्टिंग उतरल्यावर वस्तूक्रमांक, खात्याचं नाव, तक्रारीची तारीख आणि उतरल्याची तारीख एका वहीत किंवा एक्सेलमध्ये चढवा. पुढचे पंधरा दिवस तेच शीर्षक आणि तोच फोटो पुन्हा शोधत राहा. उतरवलेली लिस्टिंगं किरकोळ बदल करून दुसऱ्या खात्यावर परत येतात. ती आली तर नव्या तक्रारीत जुन्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख आवर्जून द्या. वारंवार उल्लंघन करणाऱ्यांची खाती बंद करायचं धोरण ठेवणं ही संकेतस्थळाला मिळणाऱ्या डीएमसीएच्या संरक्षणाची अटच आहे, आणि 'वारंवार' हे दाखवणारी वही तुमच्याकडे असते.